डिशवॉशरची निचऱ्याची नळी लांबवणे आणि जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत घरातील सगळी माणसे सकाळीच शेतावर जातात आणि सांजवेळी परतल्यावर खरकट्या भांड्यांचा ढीग समोर असतो, म्हणून वर्धा जिल्ह्यातील आमच्या घरी डिशवॉशर घेतला. तो बसवताना सर्वांत जास्त घोळ झाला सांडपाण्याच्या नळीचा. त्यानंतर नातेवाइकांच्या आणि शेजारच्या गावांतील ओळखीच्या लोकांच्या घरी ही नळी बसवताना मी सोबत राहिलो आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले. त्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. निचऱ्याच्या नळीला दुकानात ‘आउटलेट पाइप’ किंवा ‘ड्रेन पाइप’ म्हणतात. येथे सोयीसाठी नुसते ‘नळी’ म्हटले आहे.

नळी लांबवण्याची वेळच का येते?

यंत्रासोबत येणारी नळी साधारण दीड मीटरची असते. सिंक, नळ आणि सांडपाण्याचा पाइप हे तिन्ही स्वयंपाकघराच्या एकाच भिंतीला असतील, तर तेवढी पुरते. आपल्याकडील जुन्या घरांची रचना वेगळी आहे. स्वयंपाक एका खोलीत होतो, भांडी मागच्या अंगणात किंवा सांदवाडीत घासली जातात, आणि घरातले पाणी ज्या मोरीतून बाहेर पडते ती मोरी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला किंवा न्हाणीला लागून असते. त्यातच १६ अँपिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग घरात एखाद्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे यंत्र प्लगाजवळ ठेवावे लागते आणि नळी मोरीपासून तीन-चार मीटर दूर राहते.

नळी जोडण्याआधी दुसरा काही मार्ग आहे का?

आहे, आणि माझ्या मते तोच आधी पाहावा. यंत्राची नळी मोरीपर्यंत ओढत नेण्याऐवजी मोरीचा पक्का पाइप यंत्रापर्यंत आणावा. ४० किंवा ५० मिलीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप भिंतीच्या कडेने उतार देऊन आणला आणि यंत्राजवळ त्याचे तोंड उभे केले, तर यंत्राची मूळ नळी न कापता, न जोडता त्यात सोडता येते. पंपाला फक्त त्या उभ्या तोंडापर्यंत पाणी ढकलावे लागते आणि पुढचे काम उतार करतो. जोडलेली नळी मात्र सगळे अंतर पंपाच्या जोरावर कापते. पक्क्या पाइपाला गवंड्याची किंवा प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी लागेल, पण पुढच्या बहुतेक तक्रारी तेथेच संपतात.

तेवढेही करायचे नसेल, तर विजेचा प्लगच मोरीच्या बाजूला नेता येतो का, ते जाणत्या वायरमनला विचारावे. वीज पुढे नेताना मात्र साधी एक्स्टेंशन वायर कधीही वापरू नये. यंत्राचा हीटर साधारण १८०० ते २००० वॉट ओढतो आणि तेवढ्या भाराने हलकी वायर तापते.

नळी जास्तीत जास्त किती लांब चालते?

आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल, तोच अंतिम मानावा. काही कंपन्या जास्तीचा तुकडा दोन मीटरपेक्षा मोठा नसावा असे सांगतात, तर काही चार मीटरपर्यंत मुभा देतात. पुस्तिका हरवली असेल, तर मूळ नळी धरून एकूण साडेतीन मीटरच्या पुढे जाऊ नये, असे मी सुचवतो.

या मर्यादेमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निचऱ्याचा पंप अगदी लहान असतो. विहिरीवरच्या मोटारीशी किंवा घरातल्या टिल्लू पंपाशीही त्याची तुलना होत नाही, कारण त्याची शक्ती साधारण ३० वॉटच्या आसपास असते आणि पाणी मीटरभर उंच चढवण्यापुरतीच त्याची रचना असते. नळी जितकी लांब, तितके आतल्या भिंतीशी घर्षण अधिक, आणि पन्हळीदार नळीत तर प्रत्येक वळीगणिक पाणी अडखळते. पंप मिनिट-दोन मिनिटेच चालतो. तेवढ्यात सगळे पाणी बाहेर गेले नाही, तर उरलेले खरकटे पाणी पुढच्या धुण्यात मिसळते.

दुसरे कारण नळीत साठून राहणाऱ्या पाण्याचे आहे. आतून १९ मिलीमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे पाव लिटरहून थोडे जास्त, म्हणजे २८० मिलिलिटर पाणी मावते. दीड मीटरच्या नळीत ते ४२५ मिलिलिटर भरते, तर चार मीटरच्या नळीत एक लिटरच्या पुढे जाते. पंप थांबल्यावर चढावरचे पाणी मागे येऊ पाहते. बहुतेक यंत्रांत ते अडवणारी लहान झडप असते, पण तिच्यात भाताचे शीत किंवा डाळीचे साल अडकले की ती पूर्ण मिटत नाही. डिशवॉशर एका वेळी तीन-चार लिटरच पाणी आत घेतो. त्यात लिटरभर घाण पाणी परत आले, तर भांडी स्वच्छ निघणार नाहीत हे उघड आहे.

आमची मोरी जमिनीलगत आहे. नळीचे टोक सरळ मोरीत सोडले तर काय बिघडते?

गावाकडे सर्वाधिक होणारी चूक हीच आहे आणि आमच्या घरीही तीच झाली होती. वॉशिंग मशीनची, विशेषतः सेमी-ऑटोमॅटिकची नळी आपण वर्षानुवर्षे मोरीत जमिनीवर टाकत आलो आहोत, त्यामुळे यातही तसेच चालेल असे वाटते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी उतारानेच जाते आणि निचऱ्याची कळ फिरवेपर्यंत आत अडवलेले असते. डिशवॉशरमध्ये पाणी अडवणारी अशी कळ नसते. यंत्राचा तळ आणि नळी यांच्यामध्ये पंप आणि फार तर मागे येणारे पाणी अडवणारी ती झडप असते, आणि बंद पंपातून पाणी बाहेर सहज वाहून जाऊ शकते.

शेतात ड्रममधले पाणी नळीने तोंडाने ओढून खाली सोडतात, तेव्हा एकदा धार लागली की ती ओढ न देताही चालू राहते. येथे तेच घडते. पंपाने नळी पाण्याने भरली, तिचे टोक यंत्राच्या तळापेक्षा खाली असले आणि मध्ये कोठेही हवा शिरायला वाट नसली, की पंप थांबल्यावरही ओढ चालू राहते. यंत्र नवे पाणी घेते आणि तेही मागच्या दाराने मोरीत निघून जाते. यंत्र पुन्हा पाणी घेते, साबण वाहून जातो, भांडी तेलकटच राहतात आणि शेवटी यंत्र थांबून चूक दाखवते. आमच्याकडे पाहायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने आधी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह खराब असल्याचे सांगितले होते. यंत्र पाणी घेत असतानाच मोरीत बारीक धार पडत असल्याचे माझ्या आईच्या लक्षात आले, म्हणून खरे कारण कळले आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च वाचला. आपल्या यंत्राची अशी तक्रार असेल, तर पहिल्यांदा हेच पाहावे.

मग नळी उंच वळवून पुन्हा खाली मोरीत सोडली, तर पुरेसे आहे का?

अर्धेच काम होते. नळीला ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच नेऊन वळण देण्याचा फायदा असा, की तुंबलेल्या मोरीचे किंवा सिंकचे घाण पाणी उलटे यंत्रात येत नाही. पण वळणावरून उतरून टोक जर जमिनीलाच टेकत असेल, तर वर सांगितलेली ओढ त्या वळणावरूनही लागू शकते, कारण पाण्याने पूर्ण भरलेल्या नळीला मधली उंची अडवू शकत नाही. ओढ तुटण्यासाठी उंचीवर हवा मिळाली पाहिजे.

म्हणून नळीचे टोक जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरपेक्षा वर आणि १०० सेंटिमीटरपेक्षा खाली, अशा उंचीवर रुंद उभ्या पाइपात मोकळे सोडावे. बहुतेक पुस्तिकांतील आकडे याच्या आसपास असतात; ६० ते ७० सेंटिमीटर ही उंची मला सर्वांत सोयीची वाटली आहे. टोकाभोवती बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे. वास येऊ नये म्हणून ती जागा कापडाने किंवा सिमेंटने बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी हवेची वाटच बुजवली आणि तक्रार परत आली. वासासाठी खालच्या पाइपात पाणी धरून ठेवणारा ट्रॅप बसवावा.

कोणती नळी जोडावी? घरात ठिबकच्या नळ्या पडून आहेत, त्या चालतील का?

चालणार नाहीत. वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा असोत किंवा आमच्याकडची कपाशी, ठिबकची १६ मिलीमीटरची लॅटरल आता घरोघरी गुंडाळून ठेवलेली असते, म्हणून हात तिच्याकडेच जातो. १६ मिलीमीटर हे तिचे बाहेरचे माप आहे आणि आतून ती १४ मिलीमीटरच्या आसपासच भरते. यंत्राची नळी आतून १९ मिलीमीटर धरली, तर फरक पाच मिलीमीटरचा दिसतो. पण वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा अडथळा व्यास कमी होताना साधारण पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे तेवढ्याच लांबीत तो साडेचारपट होतो. त्या लहानशा पंपाला हे झेपत नाही, आणि वाटाण्याएवढा अन्नाचा कण आला तरी लॅटरल तुंबते.

बागेला पाणी देण्याची साधी प्लॅस्टिकची नळीही टाळावी. धुण्याचे पाणी कार्यक्रमानुसार ५० ते ७० अंश सेल्सिअस तापते. त्या उष्णतेने ती नळी मऊ पडते, वळणावर चपटी होते आणि क्लिपखालून निसटते. विहिरीच्या पंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप चपटा होत नाही हे खरे, परंतु तो जाड आणि ताठ असतो, भिंतीलगत वळत नाही आणि त्याचे माप यंत्राच्या नळीशी जुळत नाही. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची रुंद पन्हळीदार नळी उताराने वाहणाऱ्या पाण्यासाठी केलेली असते. पंपाच्या दाबाखाली तिचा जोड टिकत नाही.

योग्य नळी म्हणजे डिशवॉशरसाठी किंवा पंपाने पाणी फेकणाऱ्या फुल्ली-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनसाठी मिळणारी पन्हळीदार नळी, जिच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत रबरी किंवा मऊ प्लॅस्टिकचे तोंड असते. तालुक्याला न मिळाल्यास नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळू शकते. जाताना जुन्या नळीच्या टोकाचे माप कागदावर लिहून न्यावे. जमल्यास टोकाचा फोटोही न्यावा. नव्या तुकड्याचा आतला व्यास मूळ नळीएवढा किंवा किंचित मोठा चालतो, लहान मुळीच चालत नाही.

जोड प्रत्यक्ष कसा करावा?

आधी यंत्राचा प्लग काढावा आणि पाण्याचा नळ बंद करावा. नुसती कळ बंद करून भागत नाही, कारण जोडताना पाणी सांडणारच असते आणि मागे विजेची वायर जवळच असते. नळीच्या खाली पसरट घमेले किंवा परात ठेवावी, शेजारी जुने फडके ठेवावे आणि मग टोक हळूहळू खाली आणावे. अर्धा ते एक लिटर वास मारणारे पाणी बाहेर येईल.

दोन नळ्यांच्या मध्ये बसवायचा होज जॉइंटर दोन्ही बाजूंनी खाचांचा असावा. येथे एक बारकावा आहे. शेतीच्या दुकानात मिळणारा पितळी जॉइंटर बाहेरून बरोबर मापाचा असतो, पण त्याची भिंत जाड असल्याने आतले भोक बारीक निघते, आणि नेमके तेथेच खरकटे अडकते. म्हणून विकत घेताना जॉइंटर डोळ्यासमोर धरून आरपार पाहावे आणि पातळ भिंतीचा, कठीण प्लॅस्टिकचा घ्यावा. लोखंडी जॉइंटर घेऊ नये; साबणाच्या आणि मिठाच्या पाण्याने तो गंजतो.

नळीची तोंडे मिनिटभर गरम पाण्यात बुडवली की मऊ होतात. तोंडावर क्लिप आधीच चढवून ठेवावी, मग जॉइंटरच्या सगळ्या खाचा आत जाईपर्यंत नळी पिळत-पिळत दाबावी आणि नंतर स्क्रूची होज क्लिप खाचांच्या वर आणून आवळावी. स्टेनलेस स्टीलची क्लिप घ्यावी. क्लिप जास्त आवळली तर प्लॅस्टिकचा जॉइंटर आत दबतो किंवा तडकतो, म्हणून नळी हाताने ओढून पाहिल्यावर सरकत नाही एवढेच आवळणे पुरे. तेल, तूप किंवा ग्रीस लावून नळी चढवू नये. चढताना सोपे जाते, पण पुढे तेवढ्याच सहजपणे निसटते.

पन्हळीवर जोड कधीच बसत नाही. नळी मधूनच कापली आणि वळ्यांवर क्लिप आवळली, तर क्लिपखाली बारीक फटी राहतात आणि त्यातून थेंब-थेंब पाणी झिरपते. काही नळ्यांना ठरावीक अंतरावर गुळगुळीत पट्टे दिलेले असतात. कापायचे असेल तर तेथेच कापावे. आणि जोड एकच असावा. तीन लहान तुकड्यांपेक्षा एक लांब तुकडा आणणे केव्हाही चांगले.

एम-सील, टेफ्लॉन टेप किंवा पीव्हीसीचे सोल्युशन लावले तर?

यंत्राची नळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि पीव्हीसीचे सोल्युशन त्या प्लॅस्टिकला विरघळवत नाही, त्यामुळे ते धरतच नाही. एम-सील कडक होतो. नळी मात्र पंप चालू-बंद होताना थरथरते आणि गरम-थंड होताना फुगते-आकसते, म्हणून काही दिवसांत त्याला तडा जातो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या जोडासाठी आहे, खाचांच्या जोडाला त्याची गरज नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा रात्रीपुरता उपाय आहे.

पक्का पीव्हीसी पाइप यंत्रापर्यंत आणायचा असल्यास तो कसा बसवावा?

उभा तुकडा ४० मिलीमीटरपेक्षा लहान नसावा, ५० मिलीमीटरचा असल्यास उत्तम. त्याचे तोंड जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर उघडे ठेवावे आणि तो क्लॅम्पने भिंतीला पक्का करावा. यंत्राची नळी त्यात १०-१५ सेंटिमीटर सोडावी. त्याहून खोल सोडली तर टोक ट्रॅपमधल्या पाण्यात बुडण्याचा धोका असतो. नळीसोबत येणारा प्लॅस्टिकचा आकडा तोंडावर अडकवावा आणि नळी आकड्याला बांधून ठेवावी, कारण पाणी फेकताना ती उसळी मारून बाहेर येते. एका ओळखीच्या घरी रात्री अशीच नळी बाहेर आली आणि सकाळी शेजारच्या खोलीतील तुरीच्या पोत्यांच्या तळापर्यंत पाणी गेले होते.

आडव्या पाइपाला दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. सहा मीटरच्या पाइपाला पंधरा सेंटिमीटर उतार लागतो, तो मिळतो की नाही हे भिंत फोडण्याआधी गवंड्याकडून लेव्हलच्या नळीने पाहून घ्यावे. वळणावर काटकोनी एल्बोऐवजी दोन अर्धे बेंड लावले, तर खरकटे थांबत नाही. शेतात उरलेला पाइप वापरायचा असेल, तर अडीच किंवा चार किलोचा (म्हणजे तेवढा दाब सोसणारा) पातळ पाइप टाळून सहा किलोचा घ्यावा, किंवा सांडपाण्यासाठीचा एसडब्ल्यूआर पाइप आणावा. पीव्हीसी सतत ६० अंशांच्या पुढचे पाणी सोसण्यासाठी नसतो. डिशवॉशरचे पाणी थोडा वेळच वाहते आणि पाइप भरून वाहत नाही, म्हणून जाड पाइपाला अडचण येत नाही. पातळ पाइप मात्र क्लॅम्पच्या मधे हळूहळू झोल खातो आणि त्या झोलात तेल साचते.

नळी सिंकच्या पाइपाला जोडता येते का?

येते. सिंकखालच्या पाइपात ट्रॅपच्या वरच्या बाजूला नळी जोडण्याचे लहान तोंड असलेला तुकडा मिळतो, तो बसवावा. नवीन तुकड्याच्या त्या तोंडात अनेकदा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो कापायचा राहून गेला, तर पाणी जायला वाटच नसते. येथे नळीचे वळण ओट्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत उंच नेऊन तेथे बांधणे अत्यावश्यक आहे, नाहीतर तुंबलेल्या सिंकचे पाणी यंत्रात उतरते. सिंकच्या पन्हळीदार वेस्ट पाइपाला भोक पाडून नळी खुपसणे हा जोड नव्हे.

नळी घराबाहेरून नेली तर चालेल का?

पंपाची नळी बाहेर उघडी नेऊ नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात पडलेली प्लॅस्टिकची नळी एक-दोन उन्हाळ्यांतच ठिसूळ होऊन वळ्यांवर चिरते. शिवाय उंदीर आणि घुशी खरकट्याच्या वासाने नळी कुरतडतात. भिंतीतून न्यायचीच असेल, तर भिंतीत मोठ्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून न्यावी आणि जोड भिंतीच्या आत कधीही ठेवू नये. पक्का पाइप बाहेर काढला असेल, तर त्याच्या बाहेरच्या तोंडाला विरळ जाळी लावावी. यंत्राच्या नळीच्या टोकाला मात्र जाळी लावू नये.

जमिनीखालून पाइप नेताना काळ्या मातीचा विचार करावाच लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यात नुसता पुरलेला पाइप वर-खाली होतो, उतार बिघडतो आणि जोड सुटतात. चर थोडा रुंद खणून पाइपाच्या खाली व भोवती वाळू किंवा मुरूम भरला, तर ही हालचाल बरीच कमी होते.

हे पाणी परसबागेला किंवा शोषखड्ड्यात सोडावे का?

परसबागेला सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने भांडी घासलेले पाणी आपण केळीला, आळूला सोडतो, म्हणून हेही सोडावेसे वाटते. डिशवॉशरचा साबण त्याहून बराच तीव्र असतो. त्यात सोडियम कार्बोनेटसारखे क्षार असतात आणि पाणी चांगलेच अल्कधर्मी होते. त्याखेरीज विंधन विहिरीचे जड पाणी मऊ करण्यासाठी यंत्रात मीठ घालावे लागते आणि ते मीठही ठरावीक धुण्यांनंतर याच नळीतून बाहेर पडते. सोडियम चिकण मातीत साठत गेला की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. पूर्णा नदीच्या काठची अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्याची जमीन आधीच या दुखण्याने ग्रासलेली आहे. तेथे तर हे पाणी झाडांच्या मुळाशी जाऊच देऊ नये. गुरांच्या हौदाकडे जाणारी नालीही टाळावी.

गावात बंदिस्त नाली असल्यास तिच्यात सोडावे. शोषखड्डा असेल, तर एका धुण्याचे १० ते १२ लिटर पाणी तो सहज घेतो, मात्र तेल त्यातले दगड-विटा चिकट करून टाकते. म्हणून खड्ड्याच्या आधी एक लहान चेंबर करून तेल व गाळ तेथे अडवावा आणि महिन्यातून एकदा काढावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून खड्डा शक्य तितका दूर असावा.

धुणे चालू असताना वीज गेली तर नळीतून पाणी उलटे येते का?

टोक योग्य उंचीवर आणि मोकळे असेल, तर येत नाही. यंत्रातले पाणी आतच राहते आणि वीज आल्यावर बहुतेक यंत्रे थांबलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू होतात. वीज बराच वेळ आली नाही, तर दार किंचित उघडून ठेवावे, म्हणजे वास धरत नाही. टोक जमिनीलगत असेल, तर तेवढ्या वेळात सगळे पाणी ओढीने निघून जाऊ शकते.

जोड झाल्यावर चाचणी कशी घ्यावी?

जोडाखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि भांडी न घालता सर्वांत लहान कार्यक्रम चालवावा. पाणी बाहेर फेकले जात असताना जोडाला कोरडे बोट लावून पाहावे. त्यानंतर एक गरम पाण्याचा कार्यक्रम चालवणे महत्त्वाचे आहे, कारण थंड पाण्याला न गळणारा जोड नळी मऊ पडल्यावर गळू शकतो. दोन्ही झाल्यावर क्लिप अर्धा आटा पुन्हा आवळावी. वर्तमानपत्र रात्रभर तसेच ठेवावे. एखादा थेंब पडला असेल तर सकाळी त्याचा डाग दिसतो.

अनेक यंत्रांच्या तळाशी गळती ओळखणारा फ्लोट (तरंगता स्विच) असतो, त्यावर या बाबतीत विसंबू नये. तो यंत्राच्या तळात साचलेले पाणी ओळखतो. बाहेरचा जोड गळला, तर त्याला काहीच कळत नाही आणि पाणी मुकाट्याने भिंतीच्या पायात मुरते. मातीच्या भिंतींच्या घरात ही गळती फार महाग पडते, म्हणून जोड नेहमी डोळ्यांना दिसेल आणि हात पोचेल अशाच जागी असावा.

जोडल्यापासून तळाशी पाणी साचते आणि यंत्र चूक दाखवते. काय पाहावे?

बिघाड दाखवणारे संकेत कंपनीगणिक वेगळे असतात. निचरा होत नसल्यास एलजीच्या यंत्रावर ‘ओई’ आणि बॉशच्या अनेक यंत्रांवर ‘ई २४’ असे दिसते. प्रथम यंत्रामागे नळी दबली आहे का, ते पाहावे. यंत्र भिंतीकडे ढकलताना लांबलेली नळी मागे गोळा होऊन मुडपते आणि बहुतेक वेळा कारण एवढेच असते. नळी मध्येच झोल खाऊन जमिनीवर लोळत असेल, तर ती ताणून भिंतीला बांधावी. त्यानंतर तळाची जाळी काढून धुवावी. हे सगळे ठीक असेल, तर जोड तात्पुरता सोडवावा, मूळ नळीचे टोक यंत्राच्या कडेला बादलीत धरावे आणि निचरा चालवावा. बादलीत जोरदार धार आली, तर दोष वाढवलेल्या भागात आहे. तेथेही धार मंद असेल, तर पंप किंवा मूळ नळी तपासून घ्यावी.

नळी कधी आणि कशी साफ करावी?

आपल्या रश्श्यांवरचा तेलाचा तवंग गरम असताना वाहून जातो आणि लांब नळीत थंड होऊन वळ्यांमध्ये थिजतो. जड पाण्याचे क्षार त्यावर थर धरतात. भांडी यंत्रात ठेवण्याआधी खरकटे निपटून काढले आणि तेलकट गंज (पातेली) कागदाने पुसून घेतले, तर हा थर फार हळू वाढतो. तीन-चार महिन्यांतून एकदा रिकाम्या यंत्रात डिशवॉशरचा क्लीनर घालून सर्वांत गरम कार्यक्रम चालवावा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, जोड उघडून जॉइंटर धुवावा आणि क्लिप पाहावी. ॲसिड नळीत ओतू नये. त्याने क्लिप, रबर आणि पंपाच्या सीलची हानी होते.

नळी स्वतः जोडली तर वॉरंटी जाते का?

यंत्र न उघडता, बाहेरच्या टोकाला पुस्तिकेतील मर्यादेत जोड करणे आणि यंत्राच्या आतून नळी काढून दुसरी बसवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे काम वॉरंटीच्या काळात स्वतः करू नये. पहिल्याबद्दलही कंपनीच्या ग्राहक सेवेला आधी विचारावे आणि उत्तर शक्य असल्यास संदेशात किंवा ईमेलवर लेखी घ्यावे. बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञाला मोरीचे अंतर आणि उंची फोनवरच सांगितली, तर तो लांब नळी सोबत आणू शकतो. एरवी तालुक्याहून त्याची दुसरी फेरी कधी होईल, याचा भरवसा नसतो.